अप्पांच्या पगडीत शीनू

घरात येणारा माणूस आधी पाय धुतो, पाणी मागतो, देवघराकडे तोंड करून हात जोडतो. श्रीनिवासरावांनी आल्या आल्या आरसा मागितला.

गंगाबाईंना ते खटकलं. साठी ओलांडलेला माणूस कितीतरी वर्षांनी बहिणीच्या दारात उतरतो, बाहेर कालपासून आभाळ फाटल्यासारखं कोसळतंय, टॅक्सीपासून तिण्णैपर्यंत, म्हणजे दारापुढच्या ओट्यापर्यंत, येताना पँट गुडघ्यापर्यंत भिजलेली, आणि तोंडातून पहिला शब्द काय निघावा, तर "अक्का, मोठा आरसा कुठं आहे?" सून वत्सला पाय धुवायला तांब्या घेऊन उभी होती, ती तशीच उभी राहिली.

"कां रे शीनू, मुंबईला आरसे संपले काय?" गंगाबाई म्हणाल्या.

"तोंड सुजलंय का बघतो, अक्का. गाडीत झोप नाही. आज फोटो आहे ना."

"तुझं तोंड जन्मापासून सुजलेलंच आहे. आधी पाय धू."

श्रीनिवासराव हसले, पाय धुतले, आणि ओल्या पावलांनी सरळ आतल्या खोलीत आरशासमोर गेले. त्यांच्यामागून आणखी एक जण तिण्णैवर चढला. पोटाशी प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली पेटी त्यानं अशी धरली होती, जसं भिजलेलं मूल धरावं. हा राजगोपाल, तिरुचीचा फोटोग्राफर. शीनूनं त्याला वाटेत गाडीत घेतला होता. इथं तंजावरात आपल्या गल्लीच्या टोकाला फोटोवाला असताना तिरुचीहून माणूस कशाला, हेही गंगाबाईंना कळलं नाही. पण आज त्यांना भांडायचं नव्हतं. आजचा दिवस त्यांनी किती वर्षं मागितला होता, ते त्यांचं त्यांनाच ठाऊक.

कूडमच्या, म्हणजे माजघराच्या, भिंतीवर आईचा फोटो होता. नाकात नथ, कपाळभर कुंकू, नऊवारीचा काठ नीट दिसेल असा हात. आई सवाष्ण गेली. अप्पा तिच्यानंतर बरीच वर्षं होते, पण शेजारची जागा रिकामीच राहिली, कारण तुळजारामरावांनी, म्हणजे अप्पांनी, आयुष्यात एकदाही फोटो काढू दिला नाही. एकदा सगळ्यांनी मिळून त्यांना स्टुडिओत नेलं होतं. तिथं मागच्या पडद्यावर बाग रंगवलेली, कारंजं, संगमरवरी जिना. अप्पांनी पडद्याकडे पाहिलं आणि विचारलं, "ही बाग कुणाची?" फोटोवाला म्हणाला, कुणाचीच नाही, चित्र आहे. "मग मी त्यात काय करू?" म्हणाले आणि चपला घालून घरी आले. तो विषय तिथंच संपला.

तेव्हापासून घरी येणारा प्रत्येक माणूस आईच्या फोटोकडे बघून विचारायचा, अन् वडील? गंगाबाई सांगायच्या, नाही काढला. ऐकणाऱ्याच्या तोंडावर दिसायचं की त्याला ते खरं वाटत नाही. सरस्वती महाल ग्रंथालयात पोथ्या घेऊन बसणारा माणूस, सगळ्या राजवाड्याच्या गल्ल्या ज्याला वाकून जायच्या, त्याचं तोंड त्याच्या नातवंडांना ठाऊक नाही. गंगाबाई तिसरीपर्यंत शिकलेल्या. लिहून ठेवणं त्यांना जमण्यासारखं नव्हतं. त्यांना जे आठवत होतं ते त्यांच्याबरोबरच जाणार, हे त्यांना हल्ली फार टोचायचं.

आणि मग दिवाळीनंतर शीनूचा फोन आला. फोन घरात नवाच होता, वाजला की वत्सला दचकायची. शीनू म्हणाला, "अक्का, आता मी आरशात बघतो तर अप्पाच दिसतात. तेच नाक, तेच कान. त्यांची पगडी आहे ना तुझ्याकडे? मी येतो. पगडी घालून बसतो. फोटो काढू. आईशेजारी लाव."

गंगाबाईंनी फोन ठेवला आणि स्वयंपाकघरात जाऊन उगाच डाळ निवडत बसल्या. वत्सलानं डोळ्यांकडे पाहिलं, तर म्हणाल्या, "मिरच्यांचा हात लागला."

कारण त्यात एक गोष्ट होती, जी त्यांनी शीनूला कधी बोलून दाखवली नव्हती. अप्पा गेले तेव्हा तार मिळूनही शीनू वेळेवर आला नाही. ऑफिसात मोठे साहेब येणार होते. अग्नी द्यायला गंगाबाईंचा नवरा, म्हणजे जावई, उभा राहिला. शीनू आला तेव्हा राख कावेरीत गेलेली. गंगाबाईंनी त्याला पान वाढलं, एक शब्द बोलल्या नाहीत. आता त्या फोनवरून त्यांना वाटलं, याच्या पोटात ते होतं तर. इतकी वर्षं होतं. आता हा स्वतःच्या तोंडानं बापाचं तोंड परत आणून द्यायला येतोय.

म्हणून त्या आज भांडल्या नाहीत.

दिवे सकाळीच गेले होते. राजगोपाल घरभर फिरला, वर बघितलं, खाली बघितलं, आणि शेवटी मुत्तमपाशी, मधल्या उघड्या चौकापाशी थांबला. पाऊस वरून सरळ त्या चौकात पडत होता, पन्हळीतून घंगाळात, घंगाळातून मोरीत. "उजेड इथंच आहे, अम्मा," तो तमिळमध्ये म्हणाला. "पांढरं वेष्टी मिळेल का, धुतलेलं? बाजूला धरलं की उजेड तोंडावर येईल." वत्सलानं नवऱ्याचं धुतलेलं धोतर काढलं आणि दोन्ही हातांनी पसरून धरलं. तिचा नवरा कल्याणराम पापनाशमच्या बँकेत. असा पाऊस लागला की तो तिथंच अडकायचा.

पगडीचं काम सोपं नव्हतं. अप्पांची पगडी बांधून ठेवलेली नव्हती. ते रोज नव्यानं बांधायचे, आणि त्या लांबलचक कापडाचं दुसरं टोक धरायला लहानपणापासून गंगाबाई असत. आईचे हात ओले असायचे म्हणून. पेटीतून कापड काढलं तर ते दमट, कडुलिंबाच्या पाल्याचा वास मारणारं. गंगाबाईंनी शेगडीवर निखारे घेतले, त्यावर सांब्राणीचा धूप टाकला आणि कापड हातभर उंच धरून धुरावर फिरवत राहिल्या.

"अक्का, इस्त्री फिरव ना पटकन," आतून शीनू म्हणाला.

"इस्त्रीला वीज कुठली, तुझ्या आजेसासऱ्याची?" गंगाबाई म्हणाल्या. "आणि इस्त्री केलेली पगडी नाटकातले घालतात. गप बस."

मग त्यांनी त्याला पाटावर बसवलं, कापडाला पीळ घातला आणि बांधायला घेतलं. टोक वत्सलाकडे दिलं. "घट्ट धर गं. सोडलंस तर सगळं पहिल्यापासून." उजव्या कानावरून, मागून, डाव्या कपाळावर, पुन्हा मागे. हातांना सगळं आठवत होतं. इतके वेढे त्यांनी समोरून पाहिले होते, स्वतः कधी घातले नव्हते, तरी चुकले नाहीत. डावा कान अर्धा झाकायचा, उजवा पूर्ण मोकळा. अप्पांना उजव्या कानानं बरं ऐकू यायचं.

अंगरखा, उपरणं, हातात काठी. श्रीनिवासराव मुत्तमच्या कडेला अप्पांच्या बाकावर बसले. मागे पाऊस पडत होता.

"हसू नकोस," गंगाबाई म्हणाल्या.

"हसत नाहीये, अक्का."

"गाल हसतायत तुझे. अप्पा हसत नसत. जेवताना पहिला घास घेतला आणि मीठ कमी आहे असं कळलं, तेव्हाचं तोंड कर. पण अजून कुणाला बोलले नाहीत, असं."

श्रीनिवासरावांनी तसं तोंड केलं. वत्सलानं अप्पांना पाहिलेलं नव्हतं, तरी तिनं पदर सावरला. राजगोपालनं दोन-तीन फोटो काढले, कॅमेऱ्याची काच पुसली, पुन्हा काढले. "अजून एक," तो म्हणाला. "सार, उजवा हात जरा मोकळा ठेवा. गुडघ्यावर."

आणि गंगाबाई बघत राहिल्या. मघापासून त्या चुका शोधत होत्या, काठी इकडे, उपरणं तिकडे. आता चूक सापडेना. तो बाकावर बसलेला माणूस त्यांच्याकडे बघत होता, आणि ते बघणं अप्पांचं होतं. मीठ कमी पडलंय, पण या पोरीला काय बोलायचं, असं. धूर अजून कूडममध्ये होता. पावसाचा आवाज एवढा की दुसरं काही ऐकू येत नव्हतं.

गंगाबाई पुढे गेल्या. जाताना त्यांना कळलंही नाही की आपण जातोय. ज्याला कडेवर घेऊन त्यांनी बृहदीश्वराच्या आवारात फिरवलं, ज्याचं नाक पुसलं, ज्याच्या मुंजीत त्याला मांडीवर घेऊन बसल्या, त्या धाकट्या भावाच्या पायांवर त्यांनी डोकं ठेवलं. मोठी बहीण धाकट्या भावाच्या पाया पडत नाही. कुठल्याच घरी पडत नाही. पण शीनू तिथं नव्हताच. "अप्पा," त्या म्हणाल्या, एवढंच. डोक्यावर हात आला, अलगद, बोटं पसरलेली. एक लख्ख उजेड झाला. गंगाबाईंना वाटलं, वीज.

उठल्या. त्या सरळ स्वयंपाकघरात गेल्या, चुलीपाशी उभ्या राहिल्या, पदरानं तोंड पुसलं. मग कॉफी केली. चांगली, दाट, पाहुण्याला देतात तशी.

श्रीनिवासराव आतल्या खोलीत कपडे बदलायला गेले होते. गंगाबाईंनी राजगोपालसमोर पेला ठेवला. तो कॅमेरा पुसत होता, खुशीत होता.

"अम्मा, किती छान केलंत," तो म्हणाला. "मी घाबरत होतो, वेळ चुकेल. सार गाडीत सांगत होते, अक्का बघतील, थोडा वेळ गप्प राहतील, आणि मग नमस्कार करतील, त्याच वेळी बटण दाब. बरोबर तसंच झालं. वाकताना अंधुक यायला नको म्हणून तेवढ्यालाच फ्लॅश मारला."

गंगाबाईंच्या हातात दुसरा पेला होता. तो त्यांनी खाली ठेवला.

"सार असं म्हणाले?"

"हो, अम्मा. मागं सारांचा मुलगा तिरुचीत आला होता, तेव्हा एक मुलगी बसवून बघितलं होतं. पण ती वाकताना हसायची. नाटकासारखं दिसायचं. लेबलवर खोटं असलं की माणसांना लगेच कळतं."

"कसलं लेबल?"

राजगोपालनं तोंडाकडे नेलेला पेला थांबवला. आतल्या खोलीच्या दाराकडे पाहिलं. पण बोलायला सुरुवात केलेला माणूस मध्येच कुठं थांबणार. "मसाल्याच्या पाकिटाचं," तो हळू म्हणाला. "सारांच्या मुलाचा धंदा. मेतकूट, डांगर, वांगीभाताची पूड. पुढच्या बाजूला वडील मुलीला आशीर्वाद देतायत असं. मला वाटलं, तुम्हाला ठाऊक आहे."

गंगाबाई खाली बसल्या. त्यांनी दिवाळीपासूनचे फोन आठवले. 'अक्का, सुनेला शिकायचंय, मेतकुटात गहू किती? अक्का, धने भाजून की कच्चे? आई सुंठ घालायची ना?' आपण सांगत बसलो. हौसेनं सांगितलं, सून मुंबईची असून विचारते म्हणून. दोनदा सांगितलं, विसरेल म्हणून.

"शीनू," त्यांनी हाक मारली. "बाहेर ये."

श्रीनिवासराव पॅंट चढवून, डोक्यावर पगडी तशीच ठेवून बाहेर आले. खाली पॅंट, वर पगडी. एरवी गंगाबाईंनी सगळ्यांना हसवून हसवून मारलं असतं.

"पाकिटावर लावणार आहेस अप्पांना?"

श्रीनिवासरावांनी राजगोपालकडे पाहिलं, मग बहिणीकडे. लाजले नाहीत. समजावायला बसावं तसे बाकावर बसले. "अक्का, मी आज सांगणारच होतो, जेवताना. यात वाईट काय आहे? आता बाहेरच्या कंपन्या सगळं पाकिटात आणतायत. टीव्हीवर बघ. आपल्या मालाला एक तोंड पाहिजे. तंजावरचं, जुनं, मानाचं. हजार घरांत अप्पा जातील. तुला तर आनंद व्हायला पाहिजे."

"तुझं तोंड लाव की."

"माझं तोंड कोण घेतं? पेन्शनर माणूस."

"अप्पा हजार घरांत जात नव्हते. बोलावलं तरी जात नव्हते."

"तू उगाच मनाला लावून घेतेस. भिंतीचा फोटो आहेच की. मोठा करून, चांगली फ्रेम घालून पाठवतो. मी शब्द दिलाय ना?"

"आणि नमस्कार?" गंगाबाई म्हणाल्या. आवाज चढला नव्हता. वत्सला स्वयंपाकघराच्या दारात आली होती, ती त्या आवाजानं तिथंच थांबली. "मी नमस्कार करणार, हे तुला ठाऊक होतं?"

श्रीनिवासरावांनी पगडी सारखी केली. मग म्हणाले, आणि ते प्रेमानंच म्हणाले, "ठाऊक नसेल का? मी तुला ओळखत नाही काय, अक्का?"

पन्हळीचं पाणी घंगाळातून बाहेर सांडत होतं. कुणी ते सरकवलं नाही.

"तो फोटो टाकून दे," गंगाबाई म्हणाल्या.

"तोच तर आलाय खरा. बाकीचे काय, मी बसलोय नुसता."

गंगाबाई राजगोपालकडे वळल्या आणि तमिळमध्ये म्हणाल्या, "तेवढा एक काढून टाकता येतो काय?"

"रोल एकच आहे, अम्मा. आता मागचं झाकण उघडलं तर सगळंच जाईल. बसलेलेही सगळे."

"ऐकलंस ना," श्रीनिवासराव म्हणाले. त्यांच्या आवाजात जरा हायसं वाटल्यासारखं होतं. "सगळंच जाईल. मग आईशेजारी काय लावशील? पुन्हा कधी येणार मी, माझं वय काय राहिलंय? ठेव. थोडं मोठ्या मनानं घे. पाकिटावर तुझं तोंड दिसतसुद्धा नाही, वाकलेली आहेस. पाठ दिसते."

गंगाबाईंनी आईच्या फोटोकडे पाहिलं. शेजारच्या भिंतीकडे पाहिलं. तिथं चुना जरा उडाला होता. परवाच त्यांनी कल्याणरामकडून खिळा मारून घेतला होता.

"उघड," त्या राजगोपालला म्हणाल्या.

"सार?" तो म्हणाला.

"नाही, नाही," श्रीनिवासराव उठले. "पैसे मी देतोय, राजगोपाल."

"पैसे तो देतोय, पण पाठ माझी आहे," गंगाबाई राजगोपालला म्हणाल्या. "माझ्या घरात बसून, माझी कॉफी पिऊन माझी पाठ घेऊन जाणार असशील तर जा. मी दार अडवणार नाही. पण नेलीस तर तुझ्या आईला सांग, कुठून आणलीस ते."

राजगोपालनं कॅमेरा मांडीवर घेतला. श्रीनिवासरावांकडे पाहिलं नाही. "नको बाबा," तो स्वतःशीच म्हणाल्यासारखा म्हणाला. "नंतर घरात कुणाला काही झालं की माझ्या नावानं बोटं मोडायची. मला दुसरी कामं आहेत." त्यानं खिटी ओढली आणि झाकण उघडलं. फिल्मची गुंडाळी उलगडून त्यानं मुत्तमच्या करड्या उजेडात धरली. ती तपकिरी, गुळगुळीत होती, तिच्यावर काहीच दिसत नव्हतं. गंगाबाईंना वाटलं होतं, काहीतरी दिसेल. अप्पा पुसट, छोटेसे, जाताना. काहीच नाही.

 डोक्यावरची पगडी श्रीनिवासरावांनी दोन्ही हातांनी उचलून बाकावर ठेवली, जराशी आदळूनच. कपाळावर कापडाचा वळ उमटला होता.

"काय मिळवलंस, अक्का?" ते म्हणाले. "मद्रासला नाटकवाल्यांकडे पगड्या ढिगानं मिळतात. म्हातारा उभा करीन एखादा. काम अडत नाही माझं."

"आत्याबाई, पानं घेऊ?" वत्सलानं विचारलं. 

"घे," गंगाबाई म्हणाल्या. "तिरुचीच्या माणसालाही घे. पावसात उपाशी कुठं जाईल."

पानं मांडली. राजगोपाल मान खाली घालून बसला. श्रीनिवासराव उभेच होते. बसावं की निघावं ते त्यांना ठरवता येत नव्हतं, आणि बाहेर टॅक्सीवाला पावसामुळे गल्लीच्या तोंडाशी जाऊन थांबला होता. गंगाबाईंनी शेवटच्या पानावर भात वाढला, वर वरण घातलं, तुपाची धार धरली. मग तुपाची वाढी खाली ठेवून भावासमोर उभ्या राहिल्या.

"बस, जेव," त्या म्हणाल्या. "तार मिळून तू आला नाहीस, तेव्हा मी तुला काही बोलले नाही. तुझ्या मनातच असेल, असं धरून चालले. आज सगळा दिवस तेच धरून होते. आता बोलते. शीनू, भाड्यानं बाप मिळेल तुला, त्याच्या पाया पडायला भाड्यानं मुलगीही मिळेल. मेतकूट मी सांगितलंय तसंच कर, ते आईचं आहे, बिघडवू नकोस. पण तू माझा भाऊ म्हणून आज आला नाहीस, गिऱ्हाईक म्हणून आलास. गिऱ्हाइकाला मी जेवायला घालते, घालवून देत नाही. भाऊबीजेला मात्र यापुढे माझ्या दारात येऊ नकोस. ओवाळायला मला आता भाऊ नाही."